कोपीतून हलायचं न्हाई

मंडळी, आज शाळेतून आल्या आल्या माझी लेक ओट्यावर आगीची कवायत करून दाखवत होती. "आग लागली की दप्तर सोडायचं, खाली वाकायचं आणि बाहेर पळायचं!"

आई ज्वारी निवडत होती. तिनं हळूच विचारलं, "आन् आईनं हलू नको म्हनलं आसंल तर?"



नव्वदच्या दशकात आम्ही दरवर्षी पाथर्डीहून ऊसतोडीला जायचो. राहायला उसाच्या वाळल्या पाचटाच्या कोप्या. बाहेर ट्रॅक्टर, उघडी विहीर. म्हणून फडात निघताना आई माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला बजावायची, "म्या येस्तोवर कोपीतून हलायचं न्हाई." सगळ्याच आया असं सांगायच्या.

एका सकाळी शेजारच्या चुलीची ठिणगी उडाली आणि कोप्या पेटल्या. बाकीची पोरं पळाली. सुमी आतच बसून राहिली. फार ऐकणारी पोरगी होती ती.

लेकीला यातलं काहीच माहीत नाही. ती म्हणाली, "तरी पळायचं, आजी. आई रागावली तर रागावू दे."

आईनं तिला जवळ ओढलं. "न्हाई गं रागवत आई," म्हणाली, "न्हाई रागवत."

मुलांना आपलं ऐकायला आपण सगळेच शिकवतो. कधी ऐकायचं नाही, हे तुम्ही सांगितलंय का?