स्थळ बघायला नेमबाजीच्या रेंजवर

म्हैस कधी सांगून बघायला जाऊ नये. सांगून गेलं की मालक तिला धुऊन, शिंगांना तेल लावून उभी करतो. आदल्या वेळचं दूध तुंबवून ठेवतो, म्हणजे कास भरलेली दिसते. मी उमेदीची वर्षं जनावरांच्या दलालीत काढली. लोकांच्या म्हशी दोरीला धरून बाजारापर्यंत चालत नेण्यापासून सुरुवात केली आणि आज शाहूपुरीत माझं पशुखाद्याचं दुकान आहे, वर राहायला घर आहे. हे सगळं न सांगता बघायला जाण्याच्या सवयीवर उभं राहिलंय. त्यामुळे धाकट्या बहिणीने फोन करून सांगितलं की तिच्या मुलीला स्थळ आलंय आणि ते मी बघून यावं, तेव्हा कसं जायचं हा प्रश्न मला पडला नाही. जायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

त्याला कारण दाजी. राधानगरीकडे त्यांच्या घरच्या वास्तुशांतीला आम्ही पंगतीत शेजारी बसलो होतो. कुणाच्या तरी सोयरिकीचा विषय निघाला. मी सहज म्हटलं, पोरगा नीट बघून घ्या. दाजी तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाले, "तुम्ही हेडी माणूस. शेपूट पिळून सोयरीक ठरत न्हाय."

हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. शब्द वाईट नाही, मी तोच होतो. पण त्यांनी तो ज्या पद्धतीने टाकला त्याला सगळी पंगत हसली. मी अर्ध्या ताटावरून उठलो. तेव्हापासून त्या घराची पायरी चढलो नाही आणि दाजींनीही कधी चढा म्हटलं नाही. पुढे भाचीला दाखवण्याचा कार्यक्रम झाला, बोलणी झाली, आणि सख्ख्या मामाला निरोप नाही. हा राग मी विसरलेलो नाही. विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

फोनवर मी बहिणीला विचारलं, "दाजींना सांगितलंस, मला धाडतेस म्हणून?"

"त्यांना काय सांगायचं त्यात."

"म्हणजे शेवटी हेडीच लागला की."

तिने तो टोमणा कानाआड केला. मग म्हणाली, "दादा, टोमणे किती मारायचे तेवढे मार, पण जाऊन ये. त्यांनी नुसती जमीन बघितली. पोरगं कसं हाय ते तुला कळंल. तू व्हय म्हटलास तर व्हय. तू न्हाय म्हटलास तर मी पाय रोवून हुबी ऱ्हाते, ते काय बी म्हणू देत."

म्हणजे माझ्या एका शब्दावर ते लग्न अडलं होतं. माझ्या 'न्हाय'ने दाजींनी दिलेला शब्द चारचौघांत मोडणार होता. ही कल्पना मला गोड लागली, हे लपवण्यात अर्थ नाही.

पोराची माहिती बहिणीने दिली होती. गगनबावड्याच्या रस्त्याला घरची शेती. त्यातला डोंगराकडचा तुकडा खडकाळ, तिथे काही पिकत नव्हतं. पोरगा कॉलेजात नेमबाजी शिकलेला. त्याने त्या माळावर पर्यटकांसाठी उघड्यावरची रेंज काढली होती. कोकणात उतरणारे, घाट बघायला येणारे लोक तिथे थांबतात, छर्‍याच्या बंदुकीने नेम मारतात, फोटो काढतात आणि जातात. मी ठरवलं, आपणही पर्यटक.

रविवारी सकाळी माझ्या जुन्या दोस्ताला जीप काढायला लावली. हा मुसलमान गडी माझ्याबरोबर बाजारोबाजार फिरलेला. जनावरं मी ठरवायची आणि टेम्पो त्याने हाकायचा, अशी आमची अर्धी हयात गेली. त्याने मला माझ्या मुलाची टोपी आणि गॉगल घातलेला बघितला, खांद्यावरचा टॉवेल बघितला आणि म्हणाला, "भावा, तू फिरायला निघाल्यासारखा न्हाय, वसुलीला निघाल्यासारखा दिसतोस."

"टॉवेल ऱ्हाऊ दे. तो नसला तर मला कापडं घातल्यासारखी वाटत न्हाईत."

जागा बरी होती. पुढे गाड्या लावायला मोकळं पटांगण, मग पत्र्याची लांब शेड, शेडमध्ये टेबलं आणि टेबलांवर बंदुका. समोर गवत कापलेला माळ, त्यात वेगवेगळ्या अंतरावर खांब रोवलेले. कशावर कागदाची वर्तुळं, कशावर पत्र्याच्या ताटल्या, आणि सगळ्यात लांबच्या आडव्या दांडीवर गुरांच्या गळ्यातल्या जुन्या घंटा टांगलेल्या. त्यांच्या मागे मातीचा उंच बांध, आणि बांधामागे थेट डोंगर. घाटावरून वारा येत होता, त्याने घंटा आपोआप किणकिणत होत्या. बाजार सोडून इतकी वर्षं झाली, तरी तो आवाज ऐकून मी उगाच मान वळवली.

पोरगा पुढे आला. उंच, काळासावळा, बोलणं हळू. दर फळ्यावर लिहिलेला होता. मी गॉगल वर सरकवून म्हटलं, "जास्त लावलंय. बरोबर सांगा."

"दर एकच हाय, पावणं. फळ्यावर लिवलाय की."

"फळा तुमचा असंल, खिसा माझा हाय."

तो हसला. "खिसा तुमचाच ऱ्हाऊ द्या. चार छर्रे माझ्याकडनं ज्यादा मारा. पण दर सगळ्यांना तोच."

मी आणखी ताणून बघितलं. निघून जाण्याचं नाटक केलं, जीपचं दार उघडलं. त्याने हाक मारली नाही, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला परत यावं लागलं. मनात म्हटलं, बरं. आता चिमटा काढून बघू.

"पिकायची जमीन टाकून पत्रे टांगलेत. तुझ्या बापाला लाज वाटत न्हाय काय?"

"पहिल्यांदा वाटली," तो बंदूक पुसत म्हणाला. "आता रविवारी गाड्या लावून घ्यायला तेच थांबतात. तुमची जीप त्यांनीच लावली की." मी बघितलं. पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा काठीने एका मोटारीला असा मागे घेत होता, जणू खोंड गोठ्यात घालतोय. दोस्त खो खो हसला. मला राग आला, पण पोराच्या आवाजात उद्धटपणा शोधून सापडेना.

मग त्याने नियम सांगितले. बंदुकीचं तोंड कायम डोंगराकडे. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. मागे वळायचं असेल, कुणाशी बोलायचं असेल, तर आधी बंदूक टेबलावर ठेवायची. "छर्‍याची हाय म्हणून खेळणं समजू नका," तो म्हणाला, "डोळा जातोय." मी मान डोलावली. ऐकलं किती, ते पुढे कळलंच.

पहिले छर्रे बांधात गेले. वाऱ्याने की माझ्या हाताने, देव जाणे. दोस्त मागून सांगत होता, "डोंगराला लागलं बघ, लई मोठा नेम हाय." पोरगा शेजारी वाकून म्हणाला, "चाप ओढू नका. नुसता दाबा. हळू." हे मला लगेच समजलं. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. भोवती किती का माणसं उभी असेनात, सौदा दोघांतच राहतो. जो हिसका देतो तो कच्चा. मी टॉवेलाखाली दाबतो तसा चाप दाबला, आणि लांबच्या दांडीवरची घंटा खणकन वाजली.

शेडमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली. तेवढ्यात दोस्त खुशीत येऊन मोठ्याने म्हणाला, "वाजवली बघा हेडीनं. शेपूट पिळून न्हाय, बंदुकीनं."

त्याच्या मनात काही नव्हतं. पण ते दाजींचं वाक्य होतं, मीच कधीतरी त्याला सांगितलेलं, आणि त्यावर पुन्हा चार अनोळखी माणसं हसली. माझं डोकं फिरलं. मी "काय म्हणालास रे" म्हणत गर्रकन मागे वळलो. बंदूक हातातच होती.

मागे दोस्त होता, आणि त्याच्या पलीकडे कडेवर लेकरू घेतलेली एक बाई. मी ते बघितलं तोवर पोराने नळी धरून जमिनीकडे दाबली होती. दुसऱ्या हाताने बंदूक माझ्याकडून कधी घेतली ते कळलंही नाही. ती टेबलावर ठेवून त्याने तिथला लाल झेंडा वर केला. सगळ्या टेबलांवरचे लोक थांबले.

"काका, तुमचा नंबर संपला."

"अजून छर्रे हायत माझे."

"त्यांचे पैसे परत देतो."

"चुकून वळलो. एवढं काय झालं?"

"चुकूनच होतंय सगळं."

"दुप्पट देतो, आण इकडं."

"न्हाय."

"मी कोण हाय माहीत हाय काय तुला?"

तो माझ्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "कोणी बी असा. आज तुमच्या हातात बंदूक द्यायची न्हाय." आणि झेंडा खाली करून पुढच्या माणसाकडे वळला.

सगळे बघत होते. ती पंगतच पुन्हा मांडल्यासारखी झाली. मी शेडच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसलो आणि फोन काढला. आता काही बघायचं राहिलं नव्हतं. बहिणीला 'न्हाय' म्हणायचं, की पोराचाही हिशेब होतो आणि दाजींचाही. दोस्त येऊन शेजारी बसला. मग म्हणाला, "भावा, नळी माझ्या पोटाकडं होती."

मी बहिणीचा नंबर काढला. फोन हातात धरून बसलो, आणि तेवढ्यात चहा आला. ट्रेमध्ये दोन पेले, त्यातला एक बाजूला ठेवलेला. आणणाऱ्या बाईने तो मुद्दाम माझ्यापुढे केला. घोट घेतला. साखर नव्हती.

मला साखरेचा आजार आहे. परक्या ठिकाणी चहा आला की आधी ओरडून सांगावं लागतं. इथे मी सांगितलं नव्हतं, दोस्तानेही नाही. मी पोराला हाक मारली.

"बिनसाखरेचा चहा कुणी सांगितला?"

"मीच."

"तुला काय ठाऊक?"

"तिनं सांगितलंवतं. मामाला साखर चालत न्हाय." त्याने पहिल्यांदा मान खाली घातली. "जीपमधनं उतरलासा तेव्हाच ओळखलं, मामा. तिनं फोटो दाखवलावता. म्हणाली, मामा सांगून येणार न्हाय, आणि आला की भांडण काढणार."

दोस्ताला चहाचा ठसका लागला.

मी विचारलं, "माझ्या शब्दावर काय अडलंय, ते बी माहीत हाय तुला?"

"हाय."

"तरी बंदूक काढून घेतलीस. चार माणसांत."

"व्हय."

"निदान मागनं तरी द्यायचीस. मी मागितलीवती."

"आज मामांना दिली असती, तर उद्या कुणाला न्हाय कुठल्या तोंडानं म्हटलं असतं?"

बाजारात मी पुष्कळ माणसं बघितली. दात दाखवत बोलणारी, पाया पडणारी, पोराबाळांची शपथ घेणारी. चेहरा कुणालाही आवरता येतो. मी उठलो, सवयीने खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि त्याखाली पोराचा हात हातात घेतला. तळवा घामाने ओला होता. नळी दाबली तेव्हा हाच हात दगडासारखा होता, ते मी जवळून बघितलं होतं. म्हणजे भीती त्याला होतीच. आपलं काय जाणार हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तरी त्याने आधी हात घातला नळीला.

मी त्याची पाचही बोटं मुठीत घेऊन दाबली.

"म्हंजे काय?" त्याने विचारलं.

"टॉवेलाखालचं उघड सांगत नसतात."

"सांगू नकोस," दोस्त म्हणाला, "भाव वाढवंल."

निघताना जीपमधून बहिणीला फोन लावला. तिने पहिल्या रिंगलाच उचलला.

"बघितलं," मी म्हटलं. "लाथ मारत न्हाय. पण आपली दोरी बी कुणाच्या हातात देत न्हाय."

"दादा, माणसावाणी सांग की."

"व्हय म्हण."

ती रडायला लागली. तिला रडू दिलं आणि मग माझी अट सांगितली. दाजींनी स्वतः माझ्या दुकानात यायचं, गिऱ्हाइकं असताना, आणि भाचीच्या मागे उभं राहायला मला बोलवायचं. ती म्हणाली, हे लई होतंय. मी म्हटलं, दर एकच हाय.

दाजी आले. सरकी पेंडेच्या पोत्यावर बसले, पत्रिका पुढे केली. दुकानात चार शेतकरी होते. "मामा म्हणून तुम्हीच हुबं ऱ्हायचं," ते म्हणाले. त्यापेक्षा जास्त काही त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं, हे मला दिसत होतं. जाताना दारात थांबून हळूच विचारलं, "पोरात काय बघितलंसा हो?"

"ते हेडीला इचारू नका," मी म्हटलं. "धंद्यातली गोष्ट हाय."

लग्न नीट झालं. अंतरपाट धरला होता तेव्हा मी भाचीच्या पाठीशी उभा होतो. तिने मागे न बघताच विचारलं, "मामा, भांडण काढलंवतंस न्हवं?" मी तिच्या डोक्यावर टपली मारली.

पुढे एका रविवारी त्या माळावर सगळे जमलो. या वेळी मी सांगून गेलो. बंदूक मागितली, तेव्हा जावयाने मला सगळे नियम पुन्हा पहिल्यापासून ऐकवले, आणि पैसेही फळ्यावरच्या दराने घेतले. शेजारच्या टेबलावर दाजी होते. त्यांचे छर्रे एकामागून एक बांधात जात होते, आणि ते चाप असा ओढत होते जणू आडातून पाणी काढतायत. मला राहवेना. मी बंदूक टेबलावर ठेवली, तिचं तोंड डोंगराकडे आहे ते बघितलं, आणि मग त्यांच्याकडे वळलो.

"दाजी," मी म्हटलं, "पिळू नका. दाबा."