न्यूमार्केटला नातीला बघून आले

माझी नात इंग्लंडात न्यूमार्केटला घोड्यांच्या तबेल्यात कामाला लागली, तेव्हा मुलगा मला म्हणाला, "आई, तू जाऊन बघून ये. नुसती लीद काढत असली तर बरोबर घेऊनच ये. इथे बहारीनला बँकेत लावतो तिला." तो स्वतः अकाउंटंट. खुर्चीवर बसून करत नाहीत, ते काम आहे असं त्याला वाटतच नाही. लहानपणी दर शुक्रवारी तिला बुदैयाच्या फार्मवर घोड्यावर बसायला तोच न्यायचा, हे सोयीने विसरला होता.

मी गेले. साडीवर मुलाचं जाड जॅकेट आणि पायात मोजे, असा माझा अवतार.

न्यूमार्केट हे घोड्यांचंच गाव. सकाळी बाहेर पडले तर वीस-पंचवीस घोडे ओळीने रस्ता ओलांडत होते आणि मोटारी मुकाट थांबल्या होत्या. सिग्नलच्या खांबाला एक बटण आपल्या उंचीला आणि एक वर, घोडेस्वाराचा हात पोचेल असं. बहारीनला आमच्या गुदैबियात माझ्यासाठी कोणी इतकं थांबत नाही.

नातीचं काम मी दोन दिवस पाहिलं. लीद काढत होती, खरंच. मनातल्या मनात तिची बॅग भरायला घेतली मी.

खसखस अफूच्या बोंडातली, बहारीनला ती आणू देत नाहीत, म्हणून इतकी वर्षं आमचे डिंकाचे लाडू बिनखसखशीचे. इथल्या दुकानात ती उघड विकायला होती. डिंक-खारीक मी नेलीच होती. भरपूर खसखस घालून लाडू वळले आणि तिसऱ्या दिवशी डबा घेऊन तबेल्यात गेले. एका तांबड्या घोड्याने मान पुढे केली. मी लाडू काढला.

"आजी, हात मागे घे."

ही पोरगी घरी माझ्याशी इंग्रजीतच बोलते, आज चक्क मराठीत. तिने मनगट धरून लाडू काढून घेतला.

"यात खसखस आहे ना? ती घोड्याच्या तपासणीत सापडते. शर्यतीतून बाद होईल तो. आणि माझी नोकरी जाईल."

"एका लाडवाने?"

"एका लाडवाने. नळावर जा. साबण लाव. नखंसुद्धा."

मी नखं धुतली. तेवढ्यात तिथला म्हातारा मुकादम डब्याकडे हात करत आला. तोही त्याच हातांनी घोड्यांना चारतो, म्हणून तिने त्यालाही लाडू दिला नाही. डबा गाडीत ठेवून ये म्हणाली मला, आणि त्याला इंग्रजीत काहीतरी सुनावलं. तो सॉरी म्हणत मागे सरला. त्या बिचाऱ्याला मी चिक्कू वाटले असणार. मग ती घोड्याच्या तोंडाशी वाकली, एखादा कण गेला नाही ना म्हणून ओठ उचलून आत पाहिलं, आणि एवढा मोठा घोडा कोकरासारखा उभा राहिला.

मी एकटी परत आले. विमानतळावर मुलगा माझ्या पाठीमागे बघत होता.

"लीदच काढते ना?"

"काढते."

"मग आणली का नाहीस?"

"तिचं घोडा ऐकतो, मुकादम ऐकतो, मीही ऐकलं. तुझं ऑफिसात कोण ऐकतं?"

सून तोंड फिरवून हसली.

"राहू दे तिला तिथेच," मी म्हणाले. "यल्ला, चल, गाडी काढ."