कार्डावर नसलेला किल्ला

हे लिहायचं मी खूप टाळलं. अनुभव तसा दोन वर्षांपूर्वीचा, पण ज्या गोष्टीमुळं तो आला ती पस्तीसेक वर्षं जुनी आहे... आणि ती सांगितल्याशिवाय हा सांगता येत नाही. म्हणून दोन्ही सांगायचं राहिलं.

माझं वय शहात्तर. परंड्याच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवलं. नवरात्रात बायकांच्या अंगात का येतं असं मुलांनी विचारलं की फळ्यावर मेंदूची आकृती काढून समजावणारा मी माणूस. वाचकांच्या अद्भुत अनुभवांचं हे सदरही मी वाचायचो ते चुका शोधायला. लिहिणाऱ्यानं थाप कुठं मारली ते बहुतेक वेळा सापडायचं. माझ्या लिखाणातही शोधा. सापडली तर कळवा, मला बरंच वाटेल.

आधी विश्वनाथबद्दल सांगतो. तो आमच्याकडं प्रयोगशाळा सहायक होता, दहावी पास. शाळेला तेव्हा एक कॉम्प्युटर मिळाला होता – आजच्यासारखा नव्हे. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र. टीव्हीला जोडायचं, आणि प्रोग्राम साठवायला साधी गाण्याची कॅसेट. टेपरेकॉर्डर लावायचा, चार-पाच मिनिटं किरकिर ऐकायची, मग प्रोग्राम आत जायचा. बटण बंद केलं की सगळं पुसलं. कागदोपत्री त्याचा प्रमुख मी. प्रत्यक्षात शिकला विश्वनाथ, इंग्रजी-मराठी शब्दकोश मांडीवर घेऊन.

त्यानं परंड्याचा किल्ला पडद्यावर आणायचं ठरवलं. दर रविवारी दोरी घेऊन तट मोजायचा, घरी येऊन आकडे मांडायचा. एका रविवारी मीही गेलो होतो. दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं, खंदकाच्या बाजूला ते सुटलं. पुन्हा खाली उतरायचा मला कंटाळा आला. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर, हितं अंदाजे लिवतो." तिथं आम्ही दोघंच होतो.

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात तो किल्ला मांडायचा होता. त्याच्या आदल्या शनिवारी मला आईची गाणी टेप करायची होती. आई आराधी होती, तुळजाभवानीची गाणी म्हणायची. दम्यानं तिचा आवाज बसत चालला होता. घरात कोरी कॅसेट नव्हती, म्हणून शाळेच्या कपाटातून एक उचलली. नाव नव्हतं तिच्यावर. पाठीवरचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडलेले होते – म्हणजे आतलं पुसू नये, अशी कुणाची तरी इच्छा होती. मला ते कळत होतं. पण मी समजलो, मशीनबरोबर आलेली खेळांची कॅसेट असेल. त्या भोकांत कागदाची घडी कोंबली, तेव्हा सगळेच तसं करायचे, आणि संबळ वाजवणाऱ्यासकट आईला टेपपुढं बसवलं. सोमवारी स्टाफरूममध्ये ऐकवायला म्हणून ती शाळेत नेली आणि कपाटातच विसरलो.

प्रदर्शनात विश्वनाथ इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. पाहुणे जमले. त्यानं टेप सुरू केला. पडदा तसाच. पाच मिनिटं झाली, सात झाली. शेवटी काय वाजतंय ते ऐकायला त्यानं वायर उपसली आणि संबळाबरोबर माझ्या आईचा आवाज त्या हॉलभर झाला.

लोक हसले. "गोंधळ घालायला आलाय व्हय रं?" असं कुणीतरी म्हणालं. मुख्याध्यापकांनी विचारलं, कपाटाची चावी कुणाकडं असते? विश्वनाथ म्हणाला, माझ्याकडं.

दर नवरात्रात तो आमच्या घरी जेवायला असायचा. आईचा आवाज त्याला माहीत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी टीव्हीकडं पाहिलं.

पुढं माझं लेखी मत मागवलं गेलं. मी एकच शब्द लिहिला – निष्काळजीपणा. त्याला शिपाई करून संस्थेच्या सास्तूरच्या शाखेत पाठवलं. बायको सुमनला घेऊन तो गेला. मुलगा लहान, तो आजीकडं परंड्यातच राहिला. मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. विश्वनाथ शाळेच्या राखणीवर होता, पत्र्याखाली, म्हणून वाचला. सुमन घरात होती. घर दगडमातीचं.

मी एक पोस्टकार्ड टाकलं.

आता अनुभव.

शाळेनं ते मशीन मोडीत काढलं तेव्हा मी घरी आणून ठेवलं होतं. का आणलं, विचारू नका. दोन वर्षांपूर्वी कळलं की अशा जुन्या मशीनसाठी आता एक छोटी पाटी मिळते. ती मागच्या खाचेत बसवायची, तिच्यात मोबाइलचं मेमरी कार्ड घालायचं, की कार्डच कॅसेटचं काम करतं. मी ती मागवली. गुडघ्यांमुळं फिरणं बंद झालं होतं, दुपारी काहीतरी उद्योग हवा होता. बायको म्हणाली, "माणसं रिटायर झाल्यावर देवाला जातात. तुम्ही त्या डबड्याला चिकटा."

पहिले दोन आठवडे काही चाललं नाही. सुरू केलं की पडद्यावर नुसते चौकटी-चौकटींचे डाग. खाच काळी पडली होती, ती खोडरबरानं घासली, स्पिरिटनं पुसली. डाग गेले, पण कार्ड सापडत नाही असा संदेश यायला लागला. कार्ड फार मोठं होतं, एवढं मोठं त्या पाटीला वाचता येत नाही. बसस्टँडजवळ जावेदचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यानं एक जुनं लहान कार्ड शोधून फॉरमॅट करून दिलं. मग दहा मिनिटांनी मशीन आपोआप बंद पडू लागलं. अडॅप्टर तापून विजेचा दाब उतरत होता, तो बदलला. हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी की दोष कसा शोधायचा हे मला कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

एका दुपारी कार्ड लागलं. यादी मागितली. कार्ड कोरं होतं, यादी रिकामी यायला हवी होती. एक नाव आलं.

KILLA.

मला भीती वाटली नाही. राग आला. तडक रिक्षा करून जावेदकडं गेलो.

"माझ्या कार्डावर काय टाकलंस?"

"काय न्हाय काका. कोरं करून दिलं."

"किल्ला कुणी टाकला?"

"काका, मला गाणी टाकता येतात, पिक्चर टाकता येतो. किल्ला कसा टाकू?" त्यानं कार्ड लॅपटॉपला लावलं, स्क्रीन माझ्याकडं वळवली. रिकामं. "बघा. मुंगी सुदिक न्हाय."

घरी आणून लावलं. KILLA.

नवं कार्ड घेतलं, पाकीट मी स्वतः फोडलं, माझ्यासमोर फॉरमॅट करून घेतलं. घरी लावलं – KILLA. पाटी विकणाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं की पाटीत प्रोग्राम साठवायची जागाच नाही, फोटो पाठवा. फोटोत फक्त काळे पट्टे आले. जुन्या टीव्हीचा फोटो तसाच येतो, त्यात काही नवल नाही. शेवटी मशीन, पाटी, टीव्ही सगळं रिक्षात घालून जावेदच्या दुकानात नेलं. तिथं यादी रिकामी. जावेद मला घरापर्यंत सोडायला आला, त्याचाच मला जास्त अपमान वाटला.

मग संशय घरातल्यांवर गेला. जावई मागच्या महिन्यात येऊन गेले होते, त्यांना फोन करून आडून आडून विचारलं. बायकोलाही विचारलं. ती म्हणाली, "मला टीव्हीचा रिमोट सापडंना, अन् मी तुमच्यात किल्ला घालू?"

तोवर मी तो प्रोग्राम चालवला नव्हता. खरं कारण असं की कुणीतरी मला पकडलंय अशी माझी खात्री झाली होती. चालवला की पडद्यावर माझं नाव येणार, आणि मी काय केलं ते येणार.

अखेर चालवला. बायको मागं येऊन उभी राहिली. एकेक रेघ, एकेक बुरूज, सावकाश तट पुरा झाला. ती म्हणाली, "परंड्याचाच हाय की." म्हणजे मला भास होत नव्हता. निदान मला एकट्याला तरी नाही.

मग मी प्रोग्रामच्या ओळी पडद्यावर मागवल्या आणि वहीत उतरवून घेतल्या. चार पानं झाली. प्रत्येक ओळीत मी आरोप शोधत होतो. विश्वनाथचं लिखाण मी कधी वाचलं नव्हतं. त्या काळात तो दाखवायला यायचा, मी म्हणायचो नंतर बघू. मधेच एका ओळीत, इंग्रजी अक्षरांत, त्यानं स्वतःसाठी टीप लिहिली होती: हे माप अंदाजे, दोरी सुटली.

जावेदला, जावयाला, पाटी विकणाऱ्याला ती दोरी माहीत असायचं काहीच कारण नव्हतं.

आणि सगळ्यात वरची, पहिली ओळ पडद्यावरून वर सरकून गेली होती, ती मी शेवटी वाचली. मार्गदर्शक – आणि पुढं माझं नाव, आडनावासकट. आरोप कुठंच नव्हता.

मी काय करायला हवं होतं हे वाचणाऱ्यांना कळलं असेल. मलाही कळलं होतं. दुसऱ्या दिवशी वहीची पानं घेऊन एस्टीनं सास्तूरला निघालो. तुळजापूरला गाडी बदलली. पुढच्या सगळ्या रस्त्यात एक वाक्य मनात घोळवत होतो.

विश्वनाथ ओट्यावर बसला होता. थकलेला, नाकात ऑक्सिजनची नळी. मला बघून उठायला लागला.

"सर? तुम्ही? अगं, पाणी आण, माझे सर आलेत." सून पाणी घेऊन आली. आत भिंतीवर सुमनचा फोटो दिसत होता.

मी बसलो आणि पानं त्याच्या हातात दिली. त्यानं चष्मा लावला, बोट फिरवत वाचू लागला. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू आलं.

"हे कुठं गावलं तुमाला?"

"तेच मी विचारायला आलोय," मी म्हणालो. "तुझ्याकडं दुसरी कॉपी होती ना?"

"न्हाय सर. शाळेनं एकच कॅसेट दिली व्हती."

"नीट आठव. कुणाला दिली असशील, त्यानं इंटरनेटवर टाकली असेल."

"एकच व्हती सर."

"कागदावर तरी होतं?"

"कागद व्हते. घरात व्हते." तो थोडा थांबला. दम लागला होता. "घरच ऱ्हायलं न्हाय."

आणि तरीही मी थांबलो नाही. ऐका, मी काय विचारलं ते: "तुझा मुलगा काय करतो? कॉम्प्युटरचं काम करतो का?"

"डांबराच्या प्लांटवर हाय त्यो." मग हसून म्हणाला, "सर, चौकशी करा, पर च्या घेऊन करा."

पस्तीस वर्षांनी मी त्या माणसाकडं गेलो आणि पुन्हा त्यालाच आरोपीसारखं समोर बसवलं.

चहा आला. मग त्यानंच विचारलं, "आईंची ती कॅसेट परत भेटली व्हती का त्यास्नी? लई ग्वाड आवाज व्हता. मला तवा वाटलं, निदान ती तरी परत द्यावी."

त्याला माहीत होतं. पहिल्या क्षणापासून माहीत होतं, आणि मुख्याध्यापकांसमोर तो "माझ्याकडं" एवढंच बोलला होता.

मी म्हणालो, "नाही. ती मोडीत गेली." मग घड्याळ पाहिलं. म्हणालो, साडेचारची गाडी आहे.

पानं तुझ्याकडंच ठेव म्हणालो, पण त्यानं घडी करून परत माझ्या हातात दिली. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझ्या घरात कागद टिकत न्हाईत."

घरी आल्यावर मशीन लावलं. यादी रिकामी. त्या दिवसापासून आजपर्यंत रिकामीच आहे. दोन्ही कार्डं लावली, तापणारा जुना अडॅप्टर पुन्हा जोडला. जे जे आधी बिघडलेलं होतं ते सगळं मुद्दाम तसंच करून पाहिलं. काही नाही. वहीतली पानं आहेत, त्यावरून प्रोग्राम टाइप केला तर किल्ला उभा राहतो. पण पानं माझ्याच अक्षरातली आहेत. पुरावा म्हणून मीच ती स्वीकारणार नाही. बायकोला विचारलं तर म्हणते, "बघितला की मी. तवा कशाला खोटं बोलू?" जे जे उत्तर सुचलं त्यात दोष सापडला.

विश्वनाथ पुढच्या उन्हाळ्यात गेला. सुनेचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, सर, तुम्हाला त्यांच्याशी काही बोलायचं होतं का, ते दोन-तीनदा म्हणाले होते, सर पुन्हा येतील.

एस्टीत घोळवलेलं वाक्य असं होतं: विश्वनाथ, ती कॅसेट मी नेली होती, ते मी सगळ्यांसमोर तिथंच सांगायला हवं होतं, मी सांगितलं असतं तर तुम्ही दोघं सास्तूरला आलाच नसता, मला माफ कर.

तिथं ओट्यावर यातला पहिला शब्द तेवढा मी उच्चारला होता. त्याचं नाव. तो म्हणाला, "काय सर?"

मी म्हणालो, काही नाही.