पंखावर संशय

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, विमानं धुतात. हँगरमध्ये विमान येऊन उभं राहिलं की शिडी लावून पंखांवरचं तेल, धूळ आणि चिरडलेले किडे पुसायचे, हे त्यांचं काम. सगळी नोकरी पंखाखाली गेली, पण प्रवासी म्हणून विमानात पाऊल ठेवलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "इतकं जवळून बघितलंय, आता विश्वास कसा ठेवू?"

संशय त्यांच्या रक्तातच. दूधवाला हसला तर दुधात पाणी, नाही हसला तर नक्कीच पाणी. दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातील आणि ते ओढून बघायला परत येतील. हँगरमध्ये त्यांचं नाव 'शंकासुर' पडलंय. सरळ 'हो' तर त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलंच नाही. ताईनं स्वतःहून लग्नाचं विचारलं, तेव्हाही साहेब म्हणाले, "बघू." मी ताईच्या जागी असते तर तिथेच दुसरा बघितला असता.

मग परदेशातल्या भाचीचा फोन आला. पहिलं बाळंतपण, त्यात डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला मनाई केलेली. "आई, ये ना," म्हणून रडली. ताईनं त्याच दिवशी बॅग काढली. दाजी म्हणाले, "बघू."

माझं डोकंच फिरलं. "काय बघू? नातवंड शाळेत जाईपर्यंत बघत बसणार का?"

"तू पंख बघितला नाहीस," दाजी म्हणाले. "वाजवलास तर आत पोकळ लागतो. उभ्या विमानात त्याचं टोक खाली झुकलेलं असतं. ज्याला स्वतःचं वजन पेलवत नाही, तो माणसांनी भरलेलं विमान काय पेलणार?"

त्यांनी चौकशीही केली होती. बरोबर धुणारा एक जण म्हणाला, "पंख वरून फुगीर असतो. वरच्या हवेला लांबचा रस्ता, म्हणून ती पळत जाऊन खालच्या हवेला गाठते."

"का गाठते? दोघींनी काय भेटायचं ठरवलंय? मी लांबच्या रस्त्यानं आलो तर उशिरा पोचतो."

इंजिनिअरला विचारलं, तर तो म्हणाला, "ते सोडा हो. पंख हवेत जरा तिरका असतो, हवा खाली वळवतो. त्यानं हवेला खाली ढकललं की हवा त्याला वर ढकलते. पंखाच्या वर दाब कमी, खाली जास्त."

दाजी घरी आले ते जिंकल्यासारखे. "दोघांची साक्ष जुळत नाही. काहीतरी लपवतायत." मी कपाळाला हात लावला.

ताईनं वाद घातला नाही. "मी एकटी जाते," एवढंच म्हणाली. "तुम्ही इथं कुलूप ओढत बसा."

ते मात्र जिव्हारी लागलं. त्या रात्री दाजी जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, "माझंही तिकीट काढ. तिला एकटीला त्या पंखावर सोडू का? आणि खिडकी पंखाशेजारचीच हवी. लक्ष ठेवायला."

पुढचं ताईनं मला नंतर सांगितलं. विमानात बसल्यावर दाजींनी स्वतःच्या सीटचा पट्टा ओढून बघितला, मग तिचा, मग शेजारच्या अनोळखी माणसाचा. विमान धावायला लागलं तसे ते पंखाच्या टोकाकडे डोळे लावून बसले. चाकांनी जमीन सोडली आणि टोक वर उचललं गेलं. वर, आणखी वर. अख्खा पंख आभाळाकडे वाकला.

"गेला! पंख गेला!" दाजी ओरडले. सगळ्यांच्या माना वळल्या.

हवाईसुंदरी पट्ट्यानं बांधलेली, तिनं बसल्या जागेवरूनच सांगितलं, "काका, नेहमी असंच होतं." तिच्यावर विश्वास ठेवतील तर ते दाजी कसले! काचेला नाक लावून बसले. पंख तसाच राहिला.

बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, "मोडला नाही गं. त्याला उचलून धरलंय."

"कुणी?"

"हवेनं. खाली असताना विमान पंखाला सांभाळतं. आता पंख विमानाला सांभाळतोय. इंजिनिअर खोटं बोलत नव्हता."

तोवर धीर धरून बसलेल्या ताईला आता रडू कोसळलं. सकाळपासून लेकीनं फोन उचलला नव्हता. "वेळेवर पोहोचू ना हो आपण?" तिनं विचारलं. काय उत्तर येणार ते तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

दाजींनी पंखावरची नजर काढली आणि तिचा हात हातात घेतला.

"पोहोचू," ते म्हणाले.