धुऱ्यावरची डबी

प्राजक्ता गावंडे हिने आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. ज्या घरात ती वाढली, त्या घरात ही साधी गोष्ट नव्हे. तिचे वडील वामनराव यांचा हात आधी उठे आणि शब्द मागून येई. बैल, गडी, बायको, लेकरू असा भेद तो हात करीत नसे. त्यांचे चुलतभाऊ केशवराव त्याच साच्यातले. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या काळ्या रानात दोघांची शेते एकमेकांना लागून, आणि मध्ये एक धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध. वितीभर सरकला की खून पडेल अशी त्याची ख्याती होती.

खून पडला नाही, पण थोडक्यात टळला. प्राजक्ता फार्मसी शिकायला अमरावतीच्या वसतिगृहात राहत होती त्या वर्षी दोघे भाऊ त्या धुऱ्यावर भिडले. केशवरावांचा कान फाटला, वामनरावांच्या बरगड्या मोडल्या. आई रुख्मिणीबाईंनी फोनवर इतकेच सांगितले, "तू येऊ नको. परीक्षा हाय तुई." पुढे पंच बसले, धुऱ्यावर दगड रोवला, नारळ फुटला आणि बोलणे कायमचे बंद झाले. प्राजक्ताला यातले काही पाहायला मिळाले नाही. पाहण्याची तिला हौसही नव्हती. शिक्षण संपल्यावर ती राजापेठेजवळच्या एका औषधाच्या दुकानात लागली आणि शहरातच राहिली. दिवसभर उभे राहायचे आणि गिऱ्हाइकाचा चढलेला आवाज खालच्या आवाजात उतरवायचा, यात तिचा हातखंडा होता.

त्या दुकानात हेमचंद्र पांढरीपांडे गुडघ्याचा पट्टा घ्यायला आले. अकोल्याचे निवृत्त भूगोल शिक्षक. बहीण अमरावतीत असल्याने त्यांचे येणे-जाणे होते. पट्टा लावून ते कुठे कुठे हिंडतात हे ऐकून प्राजक्ताला हसू आले. कुणीतरी अनोळखी माणूस कुठेतरी एक डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश फोनमधल्या अ‍ॅपवर टाकतो, दुसऱ्याने ती शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि जशी होती तशी परत ठेवायची. या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात.

"आणि मिळतं काय, सर?"

"काही नाही. तेच तर बरं आहे," सर म्हणाले. "ज्यात काही मिळत नाही त्यावरून भांडण होत नाही."

एका रविवारी ती त्यांच्याबरोबर एसटीने अचलपूरला गेली. हौजकटोरा या जुन्या वास्तूच्या अलीकडे, एका पडक्या भिंतीपाशी फोनचा बाण घुटमळू लागला. सर म्हणाले, "इथून पुढे फोन आंधळा. दोन-चार मीटर तो चुकतोच. आता डोळ्यांनी शोध." भिंतीच्या फटीत बोटे घातली तेव्हा लेंड्या, कोळ्यांची जाळी आणि शेवटी स्टीलची गार डबी हाताला लागली. ती उघडून प्राजक्ताने आतल्या कागदावर सही केली. दगडांमधून काही निघाले आणि ते कुणाचेच नव्हते, असे तिने प्रथमच पाहिले.

सरांनी तिला शिस्त शिकवली. जागेच्या मालकाला विचारायचे. कुणी पाहत असेल तर थांबायचे. खणायचे मात्र कधीच नाही.

हिवाळाभर ती डब्या शोधत फिरली आणि मग तिला स्वतःची डबी ठेवावीशी वाटली. जागा सुचली ती घरच्या रानातली. धुऱ्यावरच्या बाभळीखालून सगळे शिवार दिसे. तिने वामनरावांना विचारले. ते पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उपटत होते, मान वर न करता म्हणाले, "ठेव ना. कोनाले इचारतं? आपलंच वावर हाय." धुरा एकट्याचा नसतो, हे त्यांच्या तोंडून येणार नव्हते आणि तिच्या ध्यानात आले नाही.

बाभळीखालचा दगड तिने टेकू देऊन कलता केला. खाली भुसभुशीत मातीत कोळसे होते, ओंजळ-दोन ओंजळ. मेंढपाळांनी कधीतरी विस्तव केला असेल असे तिला वाटले. हे काही खणण्यात जमा नाही, असे मनाशी म्हणत तिने ते उकरून बाजूला भिरकावले, पोकळीत डबी बसवली आणि दगड पुन्हा टेकवला. कोळसे पडले ते केशवरावांच्या वावरात.

केशवरावांच्या मुलाला, ओमप्रकाशला, ते दुसऱ्याच दिवशी दिसले. तो कुणाशी बोलला नाही. काठी घेऊन धुऱ्याच्या आसपास राहू लागला.

पुढच्या रविवारी पहिली सही आपली हवी म्हणून हेमचंद्र सर मोटारसायकलने अकोल्याहून निघाले. मूर्तिजापूरला चहा घेताना त्यांनी प्राजक्ताला फोन केला. "तू नंतर ये. मला मदत नको. मालकीणबाईंनी खुणा सांगायच्या नसतात." ती हसली आणि सावकाश स्कूटर काढून निघाली.

ती पांदणीच्या गाडीवाटेने वावरात शिरली तेव्हा तिला प्रथम ऐकू आला तो आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा होता. मग सर दिसले. ते दगडापाशी कुशीवर पडले होते. उजवे मनगट भलत्याच बाजूला वळले होते आणि तोंडातून रक्ताची लाळ गळत होती. डबी उघडी पडली होती. ओमप्रकाश काठी दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि मागे, जरा दूर, केशवराव.

"दादा, थांबा," ती धावत म्हणाली. "सर हायेत ते माहे. डबी पाह्याले आले."

"डबी?" ओमप्रकाश धापा टाकत म्हणाला. "फोन घेऊन मोजून राह्यला होता हा बुढा. चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. कोन्या कचेरीतून आनला तुह्या बापानं?"

"कोनी नाही आनला. खेळ हाय तो."

"खेळ हाय म्हनते, बाबा." त्याने सरांच्या बरगडीत लाथ घातली. सर ओरडलेही नाहीत. त्यांच्या आतून नुसती हवा निघाली. "खेळाले गोटा उपटते कोनी? अन् आमच्या वावरात कोळसे कोनं फेकले?"

प्राजक्ताला समजेना. "कोळशाचं काय?"

केशवरावांनी तिच्याकडे पाहिले. फाटलेला कान वेडावाकडा जुळला होता. ते शांतपणे म्हणाले, "पंचाइनं भरले होते ते, पोरी. गोट्याच्या बुडाले. गोटा रातून कोनी सरकवते. पन कोळसा कुजत नाही, सरकत नाही. उकरून पाह्यलं की धुरा कुठं होता ते समजते. गोटा सरकवाचा असन तोच आधी कोळसा काढते. तुह्या बापानं एवढं सांगतलं नाही तुले?"

दोन घरांमध्ये जी एकच साक्ष उरली होती, ती तिने कचरा समजून फेकली होती.

"काकाजी, मी काढले ते. बाबाले मालूमही नाही. मले विस्तव वाटला कोनाचा."

"शिकलेली हायेस ना वं तू?" ओमप्रकाशने काठी पुन्हा उचलली. प्राजक्ता सरांवर ओणवी झाली. काठी तिच्या पाठीवर बसली आणि डोळ्यांपुढे पांढरेफटक झाले. दुसरी खांद्यावर बसली. तिच्या खाली सर काहीतरी पुटपुटत होते. "सही राहिली," असे काहीसे.

एवढ्यात वामनराव आले. पऱ्हाटीतून वाट न शोधता, काटक्या मोडीत, हातात कुऱ्हाड घेऊन. काय झाले, हे त्यांनी विचारले नाही.

"कोनं हात लावला बे माह्या पोरीले?"

ओमप्रकाशने काठी आडवी धरली. कुऱ्हाडीच्या पहिल्याच घावात तिचे दोन तुकडे झाले. तो मागे सरकताना ढेकळांत अडखळून पडला आणि वामनरावांनी कुऱ्हाड डोक्यावर नेली. प्राजक्ताने वडिलांचा चेहरा पाहिला. त्यावर राग नव्हता. इतकी वर्षे अडून राहिलेले काम आता उरकेल, असे समाधान होते. ती उठून मध्ये उभी राहिली.

"बाबा, गोटा मी हालवला. त्याइचं खरं हाय. चूक आपली हाय."

'आपली' हा शब्द वामनरावांना काठीहून जास्त लागला. शत्रूच्या देखत, त्याच धुऱ्यावर, पोटच्या पोरीने तो उच्चारला होता. कुऱ्हाड खाली आली ती तिच्यावर. पाते नव्हे, मागचा तुंबा. पण तो त्यांनी जाणून फिरवला की तसा फिरला, हे कुणी सांगू शकले नाही. तिने हात वर घेतला होता. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला स्पष्ट ऐकू आला.

दुसरा घाव पडला नाही. केशवरावांनी मागून कुऱ्हाड धरली होती, नेमकी पात्याला. "वामन, सोड. पोरगी हाय ते." दोघे म्हातारे मातीत लोळले. केशवरावांच्या तळव्यातून रक्ताची धार लागली तरी त्यांनी पाते सोडले नाही. शेवटी वामनरावांचीच बोटे सुटली.

अमरावतीच्या रुग्णालयात सरांचे मनगट बसवले गेले. तीन दात गेले, बरगड्या मोडल्या, जीव वाचला. प्राजक्ताच्या उजव्या हाताला प्लास्टर लागले. संध्याकाळी जबानी घ्यायला हवालदार येणार होते. त्याआधी दोन्ही घरची माणसे तिच्या खाटेभोवती जमली, आणि तिने जन्मात प्रथमच त्यांना एकमताने बोलताना ऐकले.

"मोटारसायकल घसरली म्हन," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "मास्तरही तसंच म्हनतीन. तू मागं बसली होती."

केशवरावांनी बांधलेला हात मांडीवर सांभाळत मान डोलावली. "गोटा आमी पंच बसवून लावतो. घरातलं घरात राहू दे, बाई. ओमचे लेकरं लहान हायेत. तुह्या बापाचं वय झालं."

वामनराव दाराबाहेर बाकावर बसले होते. आत आले नाहीत.

पलीकडच्या वॉर्डातून सरांनी नर्सबरोबर निरोप पाठवला होता: तू सांगशील तेच मी सांगेन. तो आधार होता की ओझे, हे तिला ठरवता येईना. ती गप्प राहिली तर सर मोटारसायकलवरून पडलेले म्हातारे गृहस्थ ठरणार होते. धुऱ्यावर मग पुन्हा दगड बसेल, नारळ फुटेल, आणि पुढच्या खेपेला तिथे कोण पडेल ते तिथून कोण जात असेल त्यावर.

हवालदार आले, खुर्ची ओढून बसले. आई तिच्या पायावर हात ठेवून उभी होती. प्राजक्ताने दुकानात बोलायची त्याच खालच्या आवाजात सगळे सांगितले. दगड, कोळसे, डबी, काठी. ओमप्रकाश केशवराव गावंडे हे नाव तिने पूर्ण घेतले. रुख्मिणीबाईंचा हात तिच्या पायावरून निघाला.

"अन् हात कशानं मोडला?" हवालदारांनी विचारले.

"कुऱ्हाडीच्या तुंब्यानं."

"कोणी मारली?"

दारातून बाकाचे एक टोक आणि वडिलांचा मातीने माखलेला पाय दिसत होता.

"वामनराव गावंडे," ती म्हणाली. "माझे वडील."

हवालदारांनी पेन थांबवले. "विचार करून सांग, पोरी. एकदा लिहिलं की लिहिलं."

"लिहा."

त्यांनी लिहिले, वाचून दाखवले आणि कागद पुढे केला. उजव्या हाताने पेन धरणे शक्य नव्हते. हवालदारांनी शाईची डबी उघडली. पाठ फिरवलेल्या आईकडे न पाहता प्राजक्ताने डावा अंगठा पुढे केला.