खिंडीतून रिव्हर्स

आयर्लंडमधल्या स्लायगोला माझं बाळंतपण करायला वडील आले. आई नाही, सासूबाईंचे गुडघे गेलेले, तेव्हा एसटीतले रिटायर्ड कंडक्टर अप्पा डिंकाचे लाडू घेऊन हजर! हसू नका, लाडू फर्स्टक्लास होते.

मला आठवा महिना, नवरा हॉस्पिटलात ड्युटीवर आणि अप्पांचं एकच टुमणं, "दोन देशांची हद्द दाव की गं." आमचे व्हिसे फक्त आयर्लंडचे. पलीकडे यूके, तिथे पाऊल टाकायचं नाही. पकडलं तर अप्पांची पाठवणी थेट साताऱ्याला. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, उगाच धसका घेतील म्हणून. डोंगरातल्या खिंडीपर्यंत जायचं, हद्दीचं गेट लांबून दाखवायचं आणि परतायचं, असा माझा बेत.

गेट काही येईना. चढ संपला, खिंड मागे पडली, उतार लागला. मेंढ्या तेवढ्या आमच्याकडे बघत होत्या.

"मगाशी बोर्डावर आकड्याखाली किलोमीटर लिवलं हुतं," अप्पा म्हणाले, "आता नुस्ताच आकडा हाय." नुसता आकडा म्हणजे यूकेतले मैल! तेवढ्यात फोनवर मेसेज वाजला. यूकेत आपलं स्वागत आहे!

अगं आई गं! माझी पाचावर धारण बसली. रस्ता एका गाडीपुरता, दोन्हीकडे चर, म्हणजे खिंडीपर्यंत रिव्हर्सच घ्यायची, आणि पोट एवढं की मागे वळून बघता येईना. "उतरू नका!" म्हणेपर्यंत अप्पा गाडीमागे उभे राहून तोंडानं शिट्टी मारत होते.

"यिऊ दे, यिऊ दे... उजवीकडं काट! एवढी शिकलीस, स्टेरिंग कळंना व्हय?"

मागून एक ट्रॅक्टर आला. अप्पांनी शिट्टी मारून त्यालाही मागे घ्यायला लावलं. ट्रॅक्टरवरचा म्हातारा "ग्रँड, ग्रँड", म्हणजे इथलं 'बरं, बरं', म्हणत निमूट मागे सरकला.

किलोमीटरचा बोर्ड आला तशी मी गाडी थांबवली आणि अप्पांवर भडकलेच. "कुणी पकडलं असतं तर तुम्हाला परत पाठवलं असतं! मग माझं कोण होतं इथे?"

अप्पांचा चेहरा उतरला. "हे आधी सांगायचं न्हाई व्हय, पोरी?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर बाळ होईपर्यंत ते घराच्या फाटकाबाहेर पडले नाहीत. कचऱ्याचा डबासुद्धा एवढं पोट घेऊन मीच रस्त्यापर्यंत ढकलायचे, आणि अप्पा फाटकाच्या आत उभे राहून म्हणायचे, "हळू गं बाई, हळू."