आधी विंडोज, मग लिनक्स

मी लिनक्सवाली, विंडोजला नाक मुरडणारी. चंदीगडला बदलून आले त्या पहिल्याच आठवड्यात हे मी सगळ्या ऑफिसला ऐकवलं होतं, कुणी विचारलेलं नसताना. स्वभावच आगाऊ, त्याला कोण काय करणार!

आयटी पार्कमधल्या आमच्या ऑफिसच्या सगळ्या फायली एका विंडोज सर्व्हरवर असायच्या. तो सांभाळायचे एक सरदारजी. रोज मुल्लानपूरहून स्कूटरवर यायचे, निवृत्ती जवळ आलेली. सर्व्हर त्यांनीच उभा केलेला आणि आपल्याला दुसरं काही येत नाही, हे ते स्वतःच सांगायचे. मी तसल्याच मशीनवर लिनक्सचा सर्व्हर उभा केला. मॅनेजर म्हणाला, दोन्ही तपासा, मागे पडेल तो बंद करू. मग सरदारजींचं काय, हे मी विचारलं नाही. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तपासायचं कामही माझ्याकडेच आलं. माझ्या जुन्या लॅपटॉपवरून हजारो बारक्या फायलींचं एक फोल्डर आधी विंडोजवर टाकलं, मग तेच लिनक्सवर. मोबाइलवर वेळ मोजला. लिनक्सला निम्माही वेळ लागला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? एकदाच मोजलं आणि सगळ्यांना मेल धाडून दिला. सरदारजींनी तो वाचला, येऊन माझं अभिनंदन केलं आणि जागेवर जाऊन ड्रॉवर आवरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप चालू केला आणि उगाच, गंमत म्हणून, क्रम उलटा केला. आधी लिनक्स, मग विंडोज. तर विंडोज पुढे! हे काय भलतंच? मी चहा तसाच ठेवून स्क्रीनकडे बघत बसले. असं का व्हावं, काही केल्या कळेना.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पहिल्यांदा फायली पाठवताना लॅपटॉप त्या डिस्कवरून वाचतो. दुसऱ्यांदा त्याच फायली त्याच्या मेमरीत तयार असतात. म्हणजे पहिल्याला कपाट उघडून एकेक वस्तू काढून द्यायची, आणि दुसऱ्याला सगळं टेबलावर मांडलेलं. मी सर्व्हर मोजलेच नव्हते. दुसरी पाळी कोणाची, एवढंच मोजलं होतं.

कोडं सुटल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण लाज त्याहून जास्त वाटली. मॅनेजरकडे जायच्या आधी मी सरदारजींकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ते खूश होतील, मेल मागे घे म्हणतील आणि विषय मिटेल. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हर बार लॅपटॉप बंद करके चालू करें, तो हिसाब बराबर का होगा?"

मी हो म्हटलं.

"तो फिर से चलाते हैं."

दिवसभर आम्ही तेच केलं. एकदा हा आधी, एकदा तो, मध्ये दर वेळी लॅपटॉप बंद. वेळा ते स्वतःच्या हाताने लिहीत होते. दर वेळी लिनक्स पुढे, निम्म्याने नाही, पण स्पष्ट पुढे. एकदा तरी विंडोजने जिंकावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते. मी, लिनक्सवाली! त्यांच्या सर्व्हरवरचा अँटिव्हायरस प्रत्येक बारकी फाइल तपासतो, वेळ तिथे जातो, हे त्यांनीच मला दाखवलं. मग तो बंद करून बघू या, असं मी सुचवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. रोज तो बंद ठेवून आपण सर्व्हर चालवणार आहोत का, म्हणाले.

संध्याकाळी त्या कागदावर सही करून ते स्वतःच मॅनेजरला देऊन आले. मी एकदा मोजून त्यांचा निकाल लावला होता, आणि हा माणूस दिवसभर स्वतःच्या विरुद्ध मोजत बसला होता. मला त्यांच्याकडे बघवेना. ते खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, "अब मुझे ये लिनक्स सिखा दो, बेटा. ज़रा धीरे सिखाना."